बेवड : मुळं जमिनीला काय देतात



पौषातल्या थंडीत माझी आजी तिन्हीसांजेला हरभऱ्याच्या रानात जायची आणि धुतलेलं पांढरं फडकं पिकावर अंथरून यायची. पहाटेपर्यंत ते दवानं चिंब व्हायचं. मग ती ते चिनी मातीच्या बरणीत पिळून घ्यायची. पितळेत कधीच नाही, कारण पितळेत ते पाणी कळकतं. हीच हरभऱ्याची आंब. आमच्या घरी कुणाचं पोट दुखलं की चमचाभर आंब पाण्यातून मिळायची. आम्हा पोरांना तिची ओळख वेगळी होती. रानातून अनवाणी पळालं की पाय चुरचुरायचे.

ही आंब म्हणजे हरभऱ्याच्या पानाफांद्यांवरच्या बारीक लवेतून पाझरणारं आम्ल. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. पानाचं हे काम डोळ्यांना दिसतं, जिभेला कळतं. हरभऱ्याची मुळंही जमिनीखाली आम्लं सोडत असतात. तिथे फडकं अंथरता येत नाही, म्हणून ते कळायला फार वेळ लागला. आजचा भाग त्या वेळेचा इतिहास आहे.

दुसरा एक शब्द आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्यात बडोद्याचे, इंदूरचे, गोव्याचे आणि इथे दिल्लीतच वाढलेले बरेच जण आहेत. शब्द आहे बेवड. आधीचं पीक निघून गेल्यावर पुढच्या पिकासाठी ते जमिनीत जे मागे ठेवून जातं, त्याला आमच्याकडे बेवड म्हणतात. तुरीचा बेवड चांगला, हरभऱ्याचा बेवड चांगला, असं बार्शीच्या बाजारात कोणीही सांगेल. पीक कापून नेलं, गुळी-भुसा बैलांनी खाल्ला, तुराट्या चुलीत गेल्या. मग मागे राहिलं काय?

मी शेतीशास्त्रज्ञ नाही. विज्ञानाचा पदवीधर, आणि नंतरची सगळी नोकरी बॉम्बे सॅपर्समध्ये. सॅपर म्हणजे सैन्यातला खणणारा माणूस. खंदक, रस्ते, पूल, सुरुंग. जमीन मी पाहिली ती कुदळीच्या पात्यापुढे. २००२ च्या सुरुवातीला, ऑपरेशन पराक्रमच्या दिवसांत, आमची तुकडी जैसलमेरच्या बाजूला होती. खणताना सेवण गवताचा एक ठोंब निघाला, तो मी हातात घेतला. प्रत्येक मुळाभोवती वाळूची नळी होती, मोज्यासारखी चढवलेली. झटकली तरी पडेना. भोवतालची वाळू बोटांमधून सांडत होती आणि ही मात्र मुळाला धरून. एका जवानाने विचारलं, "साहेब, याला गोंद कुणी लावला?" मला उत्तर देता आलं नाही. उत्तर साधं होतं. गवतानेच लावला होता. मूळ चिकट द्रव सोडतं, त्याने कण बांधले जातात आणि त्या बांधलेल्या वाळूत ओल टिकते.

निवृत्तीनंतर दिल्ली परिसरात स्थायिक झालो आणि पूसाच्या कृषी विज्ञान मेळ्यात दरवर्षी जायला लागलो. तेव्हा त्या जवानाचा प्रश्न परत डोक्यात आला.

आता मागे जाऊ. १८३२ साली जिनिव्हाचा वनस्पतीशास्त्रज्ञ ऑगस्टिन द कांदोल याने एक कल्पना मांडली. प्राणी जसे मलमूत्र टाकतात, तशी झाडं मुळांमधून नको असलेला माल टाकतात; तो त्याच जातीला बाधतो, दुसऱ्या जातीला चालतो, म्हणून पिकाची फेरपालट करावी लागते. पुराव्यासाठी मॅकेअर नावाच्या शास्त्रज्ञाचे प्रयोग होते. झाडं उपटून, मुळं धुऊन पाण्यात ठेवायची आणि पाण्यात काय उतरतं ते बघायचं. उपटताना तुटलेल्या मुळांतून रस गळणारच, हा आक्षेप लगेच आला आणि तो रास्त होता. शिवाय १८४० मध्ये लीबिगचं रसायनशास्त्र आलं. झाडाला लागतात ती खनिजं, ती मोजा आणि घाला, हा त्याचा हिशेब इतका सरळ होता की मुळांच्या स्रावाची गोष्ट मागे पडली.

पूर्ण नाही. १८६० च्या सुमाराला जर्मनीत युलियस झाक्स याने एक देखणा प्रयोग केला. गुळगुळीत घासलेली संगमरवराची लादी वाळूखाली ठेवली आणि वर रोप वाढवलं. मुळं खाली जाऊन लादीवर पसरली. नंतर लादी धुऊन पाहिली तर मुळांची नक्षी दगडात कोरलेली! मूळ दगड विरघळवतं, हे आता कोणीही हाताने चाचपू शकत होतं. १९०४ मध्ये लोरेन्झ हिल्टनर याने मुळालगतच्या मातीच्या पट्ट्याला स्वतंत्र नाव दिलं, रायझोस्फिअर. मुळाच्या स्रावामुळे त्या पट्ट्यात जिवाणूंची वेगळीच वस्ती होते आणि पिकाचं आरोग्य तिच्यावर ठरतं, असं त्याचं म्हणणं. आपण त्याला मूळ-परिसर म्हणू.

नेमक्या याच काळात गोष्ट हिंदुस्थानात येते. हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाने लॉर्ड कर्झनला ३० हजार पौंड दिले आणि त्यातून १९०५ मध्ये बिहारमधल्या पूसा गावी शेती संशोधन संस्था उभी राहिली. पूसा म्हणजे 'फिप्स ऑफ यूएसए', अशी व्युत्पत्ती दिल्लीत हमखास ऐकायला मिळते. छान आहे, पण खोटी आहे. गावाचं नाव आधीपासूनच पूसा होतं.

या पूसात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्याची पत्नी गॅब्रिएल काम करत होती. दोघंही वनस्पतीशास्त्रज्ञ. गॅब्रिएल केंब्रिजला वनस्पतींच्या शरीरक्रियेवर काम करून आलेली. जगाला फक्त अल्बर्ट आठवतो, पण गव्हापासून फळबागांपर्यंत बरंचसं काम दोघांचं आहे. भोवतालच्या शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडींना अल्बर्ट आपले प्राध्यापक म्हणायचा, आणि तो हे चेष्टेत म्हणत नव्हता.

त्या वेळी इंग्लंडमध्ये एक वाद रंगला होता. वोबर्नच्या फळ-प्रयोगक्षेत्रावर स्पेन्सर पिकरिंगला दिसलं की सफरचंदाच्या झाडाखाली गवत वाढू दिलं तर झाड खुरटतं. खत-पाणी देऊनही खुरटतं. त्याने तळाला भोकं असलेल्या ट्रेमध्ये गवत लावलं आणि ते ट्रे झाडाच्या मुळांवर ठेवले. ट्रेमधून झिरपलेल्या पाण्यानेही झाड खंगलं. त्याचा निष्कर्ष असा की गवताची मुळं विष सोडतात. म्हणजे द कांदोल सात-आठ दशकांनी परत दारात उभा!

हॉवर्डने पूसाच्या गाळाच्या जमिनीत निरनिराळी फळझाडं लावली आणि काहींच्या खाली गवत येऊ दिलं. परिणाम इंग्लंडपेक्षाही तीव्र दिसला. काही जाती थोड्याच वर्षांत मेल्या, काही तग धरून राहिल्या. मग त्याने जे केलं ते सॅपरच्या मनाला भावणारं आहे. त्याने खड्डे खणले, पाण्याच्या फवाऱ्याने माती धुतली आणि झाडांची मुळं जागच्या जागी उघडी करून पाहिली. त्याचं मत असं झालं की मुळांचा श्वास कोंडतोय, विषाचा यात संबंध नाही. गवताची मुळं आणि मातीतले जीव ऑक्सिजन ओढून घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, खालच्या मुळांना हवा मिळत नाही. १९२५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने हे छापलं.

त्याच्या जमिनीपुरता हॉवर्डचा मुद्दा भक्कम होता, असं मला वाटतं. पण त्याची एक किंमत पडली. मूळ मातीला काही देतं का, या प्रश्नाकडे नंतर त्याने पाठच फिरवली.

१९२४ मध्ये तो इंदूरला आला, होळकरांच्या राज्यात, नव्या वनस्पती उद्योग संस्थेचा प्रमुख म्हणून. कापसाची धसकटं, पाचोळा, शेण, मूत्र भिजवलेली माती, राख, असे थर रचून, वेळेवर वरखाली करून खत तयार करण्याची रीत तिथे बसवली गेली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावरचं पुस्तक ऑक्सफर्डने काढलं. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. हे वाड संस्थेत रसायन विभागाचे मुख्य सहायक. आज सेंद्रिय शेतीवर बोलणारे हॉवर्डचं नाव दहादा घेतात, वाडांचं एकदाही नाही. इंदूरच्या मराठी मंडळींनी तरी ते घ्यावं.

पुढे १९४० मधल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात हॉवर्डने मुळांवरच्या बुरशीला मोठं स्थान दिलं. ह्यूमस ते बुरशी, बुरशी ते मूळ, असा त्याचा पूल. म्हणजे बाण एकाच दिशेने : मातीकडून झाडाकडे. आपण मातीत सेंद्रिय पदार्थ घालायचे, झाडाने ते घ्यायचे. उकिरड्यावर वाढलेल्या आपल्या शेतीलाही हे पटणारं होतं. पण त्या बाणाने बेवड समजत नाही. बेवड म्हणजे उलटा बाण.

मधल्या काळात पूसा संस्थाच हलली. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपात तिची इमारत मोडली आणि १९३६ मध्ये ती दिल्लीत, आजच्या राजेंद्र नगरला लागून, नव्या जागी सुरू झाली. येताना नाव घेऊन आली. म्हणून बिहारच्या एका खेड्याचं नाव आज दिल्लीतल्या रस्त्याच्या पाटीवर आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. आमच्या सोसायटीच्या मागे एक पट्टी होती, बांधकामाचा राडारोडा टाकलेली. ती मी अंगावर घेतली. सैनिकी खाक्या : खोल खणलं, राडारोडा काढला, कंपोस्ट ओतलं. परत खणलं, परत ओतलं. कुणीतरी सांगितलं म्हणून दर महिन्याला गुळाचं पाणीही शिंपडलं. पहिल्या वर्षी झाडं अशी तरारली की शेजारी फोटो काढायला यायचे. मातीचा नमुना तपासून घेतला. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर आला होता. आपल्याकडे अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, असं धरतात; मी खूश. तिसऱ्या वर्षी परत तपासला तर परत खाली. ट्रॉलीच्या ट्रॉली कंपोस्ट गेलं कुठे?

दिल्लीचा उन्हाळा आणि माझी कुदळ हे दोन आरोपी तर उघड होते. तिसऱ्याची ओळख मला नंतर पटली. १९२६ मध्ये फेलिक्स लोनिस या जर्मन जिवाणूशास्त्रज्ञाने हिरवळीच्या खताबद्दल एक विचित्र गोष्ट नोंदवली होती. कोवळा हिरवा पाला मातीत गाडला की पाल्यातलं नत्र सुटतंच, पण मातीत आधीपासून असलेला जुना ह्यूमसही जास्त वेगाने कुजायला लागतो. जिवाणूंना सोपं खाणं मिळालं की ते जोमात येतात आणि मग अवघड खाण्यावरही तुटून पडतात. पुढे १९५३ मध्ये याला प्रायमिंग हे नाव मिळालं. शेगडी पेटवताना आपण आधी चिपाड लावतो, मग कोळसा धरतो, तसंच. माझं गुळाचं पाणी हे चिपाड होतं. एका पट्टीवरून सिद्धांत होत नाही, हे मला माहीत आहे. पण गूळ मी त्या दिवसापासून चहात घालतो.

मुळांचे स्राव हेही चिपाडच आहेत. उन्हात बनवलेल्या साखरेतला साधारण ५ ते २० टक्के कर्ब पिकं मुळांतून मातीत सोडतात. त्यात साखर असते, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं, चिकट द्रव. इतकी महागडी उधळपट्टी झाड करतं, कारण त्याला बदल्यात काही हवं असतं. मातीतला जुना सेंद्रिय पदार्थ बराचसा लोहाच्या आणि ॲल्युमिनियमच्या खनिजांना चिकटून बसलेला असतो. जिवाणूंचा हात तिथे पोहोचत नाही. २०१५ मध्ये कायलुवाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम मुळं बनवून त्यांतून वेगवेगळे द्रव मातीत सोडले. ऑक्झॅलिक आम्ल, म्हणजे आपल्या आंबेतलं एक, खनिजाची ही मिठी सोडवतं असं त्यांना दिसलं. शेकडो वर्षं दडलेला कर्ब मोकळा झाला आणि जिवाणूंनी तो खाल्ला.

म्हणजे 'झाड लावा, जमिनीत कर्ब साठेल' हे फलकावरचं वाक्य अर्धंच खरं. मूळ तिजोरी भरतं आणि फोडतंही. जमेची बाजूही तितकीच खरी आहे. जिवाणू स्राव खातात, वाढतात, मरतात आणि त्यांचे मृत अवशेष खनिजांना चिकटून टिकाऊ सेंद्रिय पदार्थ बनतात. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की वरून पडलेल्या पाल्यापेक्षा मुळांतून आलेल्या कर्बाचं असं रूपांतर जास्त कार्यक्षमतेने होतं. ह्यूमस म्हणजे मातीत आपोआप बनणारे प्रचंड, न कुजणारे रेणू, ही आम्ही कॉलेजात पाठ केलेली व्याख्याही आता मोडीत निघते आहे.

हे सगळं तुरीवर आणून ठेवतो, कारण बेवडाचं कोडं उलगडण्याचा एक मोठा टप्पा आपल्याच देशात पार पडला. हैदराबादजवळच्या पटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या आवारात लाल जमीनही आहे आणि काळीही. नोरिहारू आए या जपानी शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी तिथे पाहिलं की लाल जमिनीत स्फुरदाचं खत दिलं नाही तर ज्वारीसारखी पिकं उपाशी मरतात, तूर मात्र उभी राहते. लाल जमिनीत स्फुरद लोहाशी जखडलेलं असतं. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात. ते लोहाला पकडतं आणि स्फुरद मोकळं होतं. १९९० मध्ये हे 'सायन्स' या नियतकालिकात आलं. तुरीने असं मोकळं केलेलं स्फुरद काही अंशी पुढच्या पिकालाही मिळतं, असा त्यांचा दावा होता. बेवडाचा एक धागा रसायनशास्त्राच्या भाषेत सापडला तो असा. पुढच्या संशोधनात तुरीच्या मुळांतली इतर आम्लंही पुढे आली, म्हणजे काम एकट्या पिसिडिकचं नाही.

लगेच हुरळून जाऊ नका. आमचं रान काळं आहे. काळ्या जमिनीत स्फुरद मुख्यतः चुन्याशी बांधलेलं असतं आणि ते सोडवायला तुरीची ती खास किल्ली लागत नाही. तिथे तुरीचा बेवड येतो तो मुळांवरच्या गाठींतल्या नत्रातून, गळलेल्या पानांतून आणि खोल गेलेल्या सोटमुळातून. कोकणातल्या, गोव्यातल्या तांबड्या मातीवाल्यांनी मात्र पटनचेरूची गोष्ट नीट ऐकावी.

दिल्लीकरांसाठी तूर आता वेगळ्याच कारणाने महत्त्वाची झाली आहे. पंजाब-हरियाणात भूजल वाचवण्यासाठी २००९ च्या कायद्यांनी भाताची लावणी उशिरा ढकलली. कापणी उशिरा, गव्हाची पेरणी तोंडावर, आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत शेत मोकळं करायला काडी. नोव्हेंबरमध्ये मला सकाळचं फिरणं बंद करावं लागतं ते यामुळेही. पूसाने कुजवणारी बुरशी कॅप्सूलमध्ये भरून दिली, २०२० पासून दिल्लीच्या शेतांत ती फवारली गेली. त्याच संस्थेने २०१८ मध्ये पूसा अरहर १६ हा तुरीचा बुटका वाणही दिला, सुमारे १२० दिवसांत येणारा. आपली तूर सहा-सात महिने रान अडवते. ही जूनअखेर पेरली की गव्हाच्या आधी निघते. भाताऐवजी तूर, मग गहू. पेंढा जाळायचा प्रश्न राहत नाही, पाणी कमी लागतं आणि गव्हाला बेवड मिळतो. मला यातलं बुरशीपेक्षा वाणाचं पाऊल जास्त पटतं. पण भाताला हमीभावाने खरेदी ठरलेली असते आणि तुरीच्या भावाचा भरवसा नाही, तोवर हरियाणातला शेतकरी माझ्या पटण्यावर कशाला विसंबेल?

हाच प्रश्न घरीही आला. गावचं रान धाकटा भाऊ बघतो. बोअरला पाणी लागलंय, म्हणून त्याच्या मनात तूर-हरभरा मोडून सगळ्यात ऊस घालायचं आहे. गेल्या दिवाळीला तासभर वाद झाला. मी बेवड सांगितला, स्राव सांगितले, पटनचेरू सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, हे सगळं मला आईने सांगितलंय. पैशाचं बोल." शेवटी अर्ध्या रानात ऊस, अर्ध्यात तूर आणि हरभरा, असं ठरलं.

मग मी एक विनंती केली. तूर काढताना तुराट्या मुळासकट उपटू नकोस, बुडातून कापून घे. मूळ जमिनीत राहू दे.

"कापायला मजूर जास्त लागतात दादा. ती मजुरी कोण देणार?"

अर्धी मी देतोय.